टीवायचे उरलेले चार महिने आणि नंतरचा जुलै

प्रश्न : मी घणसोलीला राहते, ठाण्याच्या कॉलेजात टीवायबीकॉमला आहे. सहावं सेमिस्टर नुकतंच सुरू झालंय. वडील वाशी मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत, गाव पाटण तालुक्यात. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. तीन वर्षं घर, ट्रेन, लेक्चर आणि परत घर यातच गेली. फेस्ट नाही, एनएसएस नाही, काहीच केलं नाही. आता जो भेटेल तो 'पुढे काय' विचारतो. वडील फारसं बोलत नाहीत, 'बँकेची परीक्षा दे' एवढंच म्हणतात. कोपरखैरण्याहून एक मैत्रीण ट्रेनमध्ये माझ्यासाठी जागा धरून येते. ती आणि बाकीच्या मैत्रिणी पांगणार या विचाराने पोटात गोळा येतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही. कॉलेज वाया घालवलं असं सारखं वाटतं. उरलेल्या चार महिन्यांत काय करू? आणि त्यानंतर?

उत्तर :

तुझा प्रश्न वाचून आधी थोडं हसू आलं. राग मानू नकोस. 'कॉलेज वाया घालवलं' हे मी दर जानेवारीत ऐकते, आणि असं म्हणणाऱ्यांत फेस्ट गाजवलेली, कल्चरलची सेक्रेटरी झालेली मुलंही असतात. त्यांचं म्हणणं, डेज आणि रिहर्सलच्या नादात अभ्यास राहिला. पहिल्या बाकावरच्या म्हणतात, मजा राहिली. गेली २२ वर्षं मी कॉलेजात समुपदेशक म्हणून काम करते, आधी ठाण्यात आणि आता नवी मुंबईत. सहाव्या सेमिस्टरला 'सगळं मिळालं, मॅडम' असं म्हणत माझ्या खोलीत आलेलं एकही पोर मला आठवत नाही. (तसं वाटणारी पोरं माझ्याकडे कशाला येतील, हेही खरं.)

तेव्हा वाया गेलं की नाही हा हिशोब तूर्त बाजूला ठेवू. तुला नेमकं काय संपेल याची धास्ती वाटतेय, ते आधी पाहू. माझ्या अनुभवात मुलं इथेच चुकतात आणि मग भलत्याच गोष्टीवर इलाज करत बसतात.

मीही चुकले होते. मी ठाण्यातच शिकले. १९९६ साली पदवीचा निकाल लागला, घरी पेढे आले, आजीने दृष्ट काढली. जुलैत कॉलेज पुन्हा सुरू झालं त्या दिवशी मी सवयीने सकाळी तयार झाले आणि चरईतून चालत कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. वॉचमनकाका तीन वर्षांच्या ओळखीचे. त्यांनी प्रेमानेच विचारलं, "काय ताई, आज काय काम काढलं?" मला उत्तर सुचेना. काम काहीच नव्हतं. 'सहज' म्हणाले आणि तिथून तलावपाळीला जाऊन दोन तास कठड्यावर बसले. पुढचे कितीतरी दिवस घरच्यांना वाटत होतं की मला कॉलेजची आठवण येते. मलाही तसंच वाटत होतं.

आठवण बिठवण काही नव्हती. लेक्चरं मला तेव्हाही कंटाळवाणी वाटायची आणि कॅन्टीनचा चहा तर भयंकर होता. गेलं होतं ते टाइमटेबल. पहिलीपासून पदवीपर्यंत सकाळी उठून कुठे जायचं हे कुणीतरी दुसऱ्याने ठरवलेलं असतं. आपण त्याला शिव्या देतो, बंक मारतो, पण बंक मारायला तरी लेक्चर असावं लागतं ना. दुसरी गेली ती न ठरवता होणारी भेट. कॉलेजात कुणाला 'भेटूया का' असं विचारावं लागत नाही, ती माणसं जिन्यात असतातच. या दोन गोष्टी एकाच दिवशी काढून घेतल्या की माणूस भांबावतो. त्याला आळशी म्हणू नये आणि लगेच आजारी तर मुळीच म्हणू नये.

जी तिसरी गोष्ट निसटते तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि तुझ्या चार महिन्यांचं उत्तर मला तिच्यातच दिसतं.

रेल्वेचा पास काढायला तू ऑफिसच्या खिडकीतून कन्सेशन फॉर्म घेतेस. त्या कागदामुळे पास सवलतीत मिळतो. असाच एक न दिसणारा कन्सेशन फॉर्म तुझ्या गळ्यातल्या आयकार्डासोबत तुला मिळालेला आहे. 'मी टीवायला आहे, माझ्या प्रोजेक्टसाठी समजून घ्यायचंय' असं म्हटलं की दारं उघडतात. महापे किंवा ऐरोलीच्या कंपनीतला अकाउंट्सचा माणूस वीस मिनिटं देतो. वागळे इस्टेटमधला कारखानदार शेड दाखवतो. बँकेचा मॅनेजर चहासुद्धा मागवतो. सहा महिन्यांनी हाच प्रश्न घेऊन तू गेलीस तर समोरचा मनात म्हणतो, ही नोकरी मागायला आली. प्रश्न तोच, माणूस तोच, पण तो सावध झालेला असतो. विद्यार्थ्याला अज्ञान माफ असतं. पदवीधराला ते माफ करायला लोक जरा कां कूं करतात.

म्हणून राहिलेल्या गोष्टींची यादी करून चार महिन्यांत फेस्ट, ट्रेक, एनएसएस, डान्स असं सगळं कोंबू नकोस. एनएसएस दोन वर्षांचं असतं, वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. ते आता होणार नाही, सोडून दे. ज्या गोष्टी नंतरही करता येतील त्या नंतरसाठी ठेव. येऊरच्या जंगलात काय, तू चाळिशीतही जाशील. फक्त विद्यार्थी असतानाच जे जमतं, तेवढं आता कर.

म्हणजे नेमकं काय, तर तुझ्याच प्रोजेक्टपासून सुरू करू. सहाव्या सेमिस्टरला तुला प्रोजेक्ट असेलच. मी आजवर पाहिलेल्या बीकॉमच्या प्रोजेक्टांपैकी बहुतेकांचं नाव 'ऑनलाइन खरेदीबाबत ग्राहकांचं समाधान' असंच काहीतरी होतं. गूगल फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा, पन्नास मैत्रिणींनी न वाचता भरायचा, पाय चार्ट काढायचे, स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून घ्यायचं. झेरॉक्सवाल्याकडे मागच्या वर्षीची सॉफ्ट कॉपीही असते म्हणे. व्हायवाला परीक्षकही दमलेले असतात, मार्क मिळून जातात.

पण तुझे वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी आहेत! मुंबईत दाटीवाटीने चालणारा घाऊक बाजार तिथे हलवला गेला. आज कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि दाणा अशी पाच मार्केटं तिथे आहेत. अर्ध्या मुंबईचं जेवण तिथून जातं. आणि तिथली पगाराची पद्धत बीकॉमच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशीच आहे. माथाडी कामगार एका मालकाचा नोकर नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळं नेमली. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो, वर काही टक्के लेव्ही भरतो, त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी असली देणी भागतात, आणि मंडळ कामगाराचा पगार करतं. अण्णासाहेब पाटलांनी पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांची संघटना बांधली, त्या लढ्यातून हे उभं राहिलं. आज देशभर चर्चा आहे की घरपोच जेवण आणणाऱ्या मुलांना पीएफ कसा द्यायचा, त्यांचा मालक कोण समजायचा. या प्रश्नाचं एक उत्तर महाराष्ट्राने ५० वर्षांहून आधी शोधलं होतं आणि ते तुझ्या घरात, खुंटीला टांगलेल्या शर्टाच्या खिशात, पगाराच्या चिठ्ठीच्या रूपात पडलेलं आहे.

यावर प्रोजेक्ट कर. वडिलांची वर्षभराची चिठ्ठी घे, मजुरी किती, लेव्हीतलं काय काय जमा झालं, मांडून बघ. टोळीच्या मुकादमाशी बोल. एखाद्या अडत्याच्या मेहताजींना विचार की लेव्ही त्यांच्या वहीत कुठे बसते. मंडळाच्या कार्यालयात कॉलेजचं पत्र घेऊन जा. ते पत्र मिळण्याची सोय चार महिन्यांनी संपणार आहे, आणि तीच तर गंमत आहे. प्रोजेक्ट गाइडनी 'विषय बदलू नका' म्हटलं तर एकदा परत जाऊन नम्रपणे विचार. पगारपत्रक आणि कामगार कल्याण हे विषय कॉमर्सच्या बाहेरचे नाहीत, त्या ऐकतील.

याचा मार्कांपलीकडे उपयोग असा, की पुढच्या कुठल्याही मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर तुझ्याकडे सांगायला खरीखुरी गोष्ट असेल. पगारपत्रक, पीएफ, वैधानिक कपाती ही कामं प्रत्येक कंपनीत असतात, आणि टीवायची बहुतेक मुलं ती फक्त पुस्तकात वाचून येतात. दुसरा उपयोग तुझ्या घरासाठी आहे. तू लिहिलं आहेस की वडील फारसं बोलत नाहीत. आपल्या कामाबद्दल कुणी वही-पेन घेऊन विचारतंय, तीही आपलीच पोर, असं झालं की गप्प माणसंही बोलतात. माझ्याकडे एकदा एका रिक्षाचालकाच्या मुलाने वडिलांच्या रोजच्या जमाखर्चावर असाच अभ्यास केला होता. मीटर, गॅस, हप्ता, दंड, सगळं. शेवटी त्याचे वडील त्याला म्हणाले, "मला वाटायचं मी कमावतो." ते हसत म्हणाले होते, पण तो मुलगा मला सांगताना रडला. तीन वर्षांत बाप-लेकात तेवढं बोलणं झालं नव्हतं.

विद्यार्थी असण्याच्या या परवान्याचे आणखी एक-दोन उपयोग सांगते. कॉलेजमधल्या एका तरी प्राध्यापकांना तुझं नाव, चेहरा आणि तू काय करतेस हे एकत्र माहीत असू दे. साठ-सत्तरच्या वर्गात तू मागच्या बाकावर असशील तर त्यांना तू 'रोल नंबर ४७' आहेस. पुढे शिफारसपत्र लागलं तर ४७ ला पत्र कसं लिहिणार? प्रोजेक्टच्या निमित्ताने चार वेळा स्टाफरूममध्ये गेलीस तरी पुरे. आणि सिनियर्सना गाठ. दोन वर्षांपूर्वी पास झालेली, आता तुर्भ्याला किंवा ठाण्याला कुठे अकाउंट्सला लागलेली मुलगी तुला पगार, वेळ, बॉस, डबा सगळं खरं सांगेल. करिअर मार्गदर्शनाच्या सेमिनारमधले पाहुणे ते सांगत नाहीत. (मीही त्यातलीच एक पाहुणी असते, म्हणून सांगते.)

ओळखीचं म्हणशील तर समाजशास्त्रात एक जुना आणि फार उपयोगी अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने बोस्टनजवळच्या एका गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्याने नोकरीची बातमी दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटायचा? 'वरचेवर' म्हणणारे सहात एक निघाले. बाकीच्यांना ती बातमी क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. हे निष्कर्ष १९७३ साली छापून आले. कारण साधं आहे. जिवलग मैत्रिणीला जे माहीत असतं ते तुलाही आधीच माहीत असतं. नवी खबर लांबच्या माणसाकडे असते. म्हणजे ज्या मुलीशी तू फक्त नोट्सपुरतं बोललीस, ज्या मुलाबरोबर एकदाच प्रेझेंटेशन केलं, त्यांचे नंबर सेंड ऑफच्या दिवशी नक्की घे. साडी नेसून फोटो काढण्याच्या गडबडीत नेमकं तेच राहतं.

आता जिवलगांकडे येऊ, कारण पोटातला गोळा तिथे आहे. तू लिहिलंस की कोपरखैरण्याहून एक मैत्रीण तुझ्यासाठी जागा धरून येते. घणसोली ते ठाणे पंधरा मिनिटं धर, जाऊन-येऊन अर्धा तास. वर्षाचे १८० दिवस धरले तर तीन वर्षांत २७० तास होतात. जेफ्री हॉल या अमेरिकन संवाद-अभ्यासकाने २०१८ मध्ये मांडलं की नुसती ओळख साध्या मैत्रीत बदलायला साधारण ५० तास लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० च्या वर. तुमचे २०० तास दिघा-ऐरोलीच्या दरम्यान, लेडीज डब्यातल्या गर्दीत, चिंगळ्यांच्या टोपलीशेजारी कधी भरले ते दोघींनाही कळलं नाही. (ही लाईन २००४ ला सुरू झाली. त्याआधी आमच्या वेळी ठाण्याहून वाशीला जाणं म्हणजे बसचा दांडा धरून ठाणे-बेलापूर रोडवर धूळ खाणं होतं. तशा बसमध्ये मैत्री होत नसे, भांडणं व्हायची.) मग तू तीन वर्षं 'काहीच केलं नाही' हे कसं?

पण या मैत्रीची अडचणही त्या हिशोबातच आहे. ती ट्रेनने जमवली होती, तुम्ही नाही. ८.४२ ची ट्रेन सुटली की भेट सुटते. नंतर 'भेटूया गं एकदा' सुरू होतं, आणि 'एकदा' हा वार कॅलेंडरमध्ये नसतो. दोघींनी आत्ताच, परीक्षेच्या आधी, वार आणि जागा ठरवून टाका. महिन्यातला दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा, ठाणे स्टेशनजवळचा कुंजविहार, वडापाव. कुणी आलं नाही तरी दुसरीने जायचंच. ऐकायला पोरकट वाटतं, पण माझ्या पाहण्यात टिकलेल्या मैत्र्या अशाच कुठल्यातरी पोरकट नियमावर टिकल्या आहेत. मोठ्या ग्रुपचं मनावर घेऊ नकोस. पन्नास जणांचा ग्रुप ऑगस्टपर्यंत वाढदिवसाच्या केकच्या चित्रांवर येतो आणि दिवाळीत म्यूट होतो. तसं होऊ दे.

झोपेबद्दल मात्र गंभीरपणे ऐक. परीक्षा आणि अनिश्चितता असताना काही रात्री झोप उडणं साहजिक आहे. पण झोप, भूक, आवडीच्या गोष्टींतलं मन हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं, किंवा 'मी नसले तर बरं' असा विचार एकदाही डोकावला, तर वाट पाहू नकोस. त्याच दिवशी कुणाशी तरी बोल. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. तुझ्या कॉलेजात समुपदेशक असेल तर तिच्याकडे जा. आम्ही रिकाम्या खोलीत बसून कंटाळलेल्या असतो, खरंच ये. आणि रात्री एक गोष्ट करून पाहा. 'पुढे काय' हा विचार झोपताना करायचा नाही. त्याला संध्याकाळी सातची वीस मिनिटं द्यायची, वहीत लिहायचं, वही मिटायची. रात्री तो परत आला तर 'उद्या सातला' म्हणायचं. पहिले चार दिवस जमत नाही. मग जमायला लागतं.

'पुढे काय' विचारणाऱ्यांचं तर मे महिन्यात पीक येईल. गावाला जत्रा, लग्नं, आणि प्रत्येक मांडवात एक तरी मावशी : "झालं नव्हं शिक्षान? आता काय, उजवायचं का?" तू मुलगी आहेस, तेव्हा या प्रश्नाचा दुसरा अर्थ तुला माहीत आहे, आणि तुझ्या झोपेत त्याचाही वाटा असावा असा माझा अंदाज आहे. तू ते लिहिलेलं नाहीस. माझं मत स्पष्ट आहे : गावी जाण्याआधी घरी बोलून घे. 'मला करिअर करायचंय' असं मोघम सांगू नकोस, त्यावर वडील मान हलवतील आणि मांडवात आत्या निर्णय घेईल. त्यांना तारीख सांग. 'अमुक महिन्यापर्यंत मी हे करणार, महिन्याला इतके कमावणार किंवा ही परीक्षा देणार, त्यानंतर आपण परत बसू.' वडिलांनी आयुष्यभर मुकादमाशी ठरवून, बोलून काम केलंय. ठरलेल्या गोष्टीचा मान ते ठेवतील. आणि मावशीला एका वाक्यात उत्तर तयार ठेव : "निकाल लागला की अकाउंट्सला लागणार आहे, वर्षभर तरी." ते खरं ठरलंच पाहिजे असं नाही. मावशी लिहून घेत नाही.

मार्गांबद्दल थोडक्यात, कारण ते तुला इतर कुणीही सांगेल. वडील म्हणतात तशी बँकेची परीक्षा चांगली आहे. कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो आणि वर्षाचं वेळापत्रक जानेवारीतच जाहीर होतं, त्यामुळे तयारीला शेवट असतो. यूपीएससी-एमपीएससीचं खूळ असेल तर ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख यांच्या नावाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी कर. पण यूपीएससीला खुल्या गटात ३२ वर्षांपर्यंत सहा संधी असतात. म्हणजे 'तयारी करतेय' या एका शब्दामागे दहा वर्षं लपता येतं. किती संधी घ्यायच्या ते आधी वहीत लिही. सीएचा विचार असेल तर कॉमर्सच्या पदवीधराला ५५ टक्क्यांवर थेट इंटरमिजिएटला जाता येतं आणि २०२३ च्या नव्या योजनेपासून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांची झाली आहे. नुसता अनुभव हवा असेल तर अप्रेंटिसशिप बघ. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे, पदवीधरांसाठीही केंद्र सरकारची योजना आहे, वर्षभर स्टायपेंड मिळतो. तुर्भे, रबाळे, महापे हा सगळा एमआयडीसीचा पट्टा तुझ्या दाराशी आहे. मी तुझ्या जागी असते तर आधी वर्षभर कुठेतरी अकाउंट्सला लागले असते आणि बँकेची परीक्षा सोबत दिली असती. पगाराची पहिली स्लिप हातात आली की निर्णय घेणं सोपं जातं असं मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय.

चौथ्या वर्षाचं जरा सांगते, कारण हल्ली त्यावरून बराच गोंधळ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात. परदेशी किंवा संशोधनाकडे जाणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. पण नुसतं आयकार्ड गळ्यात राहावं म्हणून चौथं वर्ष घेणारी मुलं माझ्याकडे येतात, आणि पुढच्या जानेवारीत त्यांच्या पोटात गोळा परत येतो, एक वर्ष मोठा होऊन.

जुलैचं मी स्वतःच्या उदाहरणाने सांगते. तलावपाळीवर दोन-तीन आठवडे बसल्यावर आत्याने मला हाताला धरून मराठी ग्रंथसंग्रहालयात नेलं. ठाण्याची ती संस्था १८९३ ची. "रोज अकरा ते एक इथे बसायचं. काय वाचायचं ते मी विचारणार नाही," ती म्हणाली. मी पहिले आठ दिवस फक्त दिवाळी अंकांतले विनोद वाचले. पण अकरा वाजता कुठेतरी जायचं होतं, त्यासाठी दहाला अंघोळ करायची होती, आणि अंघोळ झाली की दिवस सुरू व्हायचा. तिथेच एका ज्येष्ठ वाचक बाईंशी बोलताना समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाची माहिती मिळाली. ही नुसती तोंडओळख होती बघ, ग्रॅनोव्हेटर म्हणतो तशी. त्याचं नाव मात्र मला पुढे दहा वर्षांनी कळलं.

म्हणून परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या सोमवारपासून सकाळची एक जागा आणि एक वेळ ठरव. घणसोलीत एखादी अभ्यासिका असेल तर तिथे जा. नाहीतर टॅलीचा क्लास, किंवा एखाद्या सीएच्या ऑफिसात बिनपगारी बसणं, काहीही चालेल. तिथे काय करतेस हे पहिल्या महिन्यात कमी महत्त्वाचं आहे, घरातून निघतेस हे जास्त. निकाल लागेपर्यंतचे ते दीड-दोन महिने सगळ्यात घसरडे असतात, कारण विद्यार्थीपण गेलेलं असतं आणि पदवी आलेली नसते. त्या काळात मोबाइलवर इतरांच्या 'जॉइन्ड टुडे'च्या पोस्टी बघायच्या नाहीत, एवढं पथ्य ठेव.

आणि कागदपत्रं. आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटवरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे आजच बघ. आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग इथे घोटाळे असतात, आणि कॉलेजात असताना दुरुस्ती करणं नंतरपेक्षा पुष्कळ सोपं जातं. एखादी केटी राहिली असेल तर फॉर्मची तारीख चुकवू नकोस. निकालानंतर पासिंग सर्टिफिकेट आणि एलसी घे, दोन्हीच्या झेरॉक्स प्रती ठेव, डिजिलॉकरमध्ये काय आलंय तेही पाहा. मूळ पदवी दीक्षान्त समारंभानंतर येते, तोवर पासिंग सर्टिफिकेटवर काम भागतं. कॉलेजात पदवी वितरणाचा कार्यक्रम असला तर एकटी जाऊन सर्टिफिकेट उचलून आणू नकोस. वडिलांना रजा घ्यायला सांग. मार्केटची सुट्टी कधी असते ते त्यांना विचारून घे. घरातली पहिली पदवी आहे, त्यांना सभागृहात खुर्चीवर बसून ती बघू दे. ते 'मी कशाला, मला तिथलं काय कळतंय' म्हणतील. आईला सांग, ती आणेल त्यांना.

शेवटचं, लायब्ररीची पुस्तकं परत करायला जाशील तेव्हा एफवायला भरलेल्या डिपॉझिटची पावती बरोबर ने. दरवर्षी निम्मी मुलं ती हरवतात किंवा विसरतात आणि पैसे कॉलेजातच राहतात. फार नसतात ते, पण दोघींच्या वडापावचे दोन-तीन दुसरे शनिवार त्यात निघतील.